दर विचारण्याआधी सेक्शन विचारा

गच्चीवर पत्र्याची शेड घालायची असते, दुकानात पोटमाळा काढायचा असतो, गोठ्याचं छप्पर वाढवायचं असतं किंवा सोलर पॅनल उंचावर बसवायचे असतात. फॅब्रिकेटर येतो आणि आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: किलोला काय दर पडेल? मग आणखी दोघांना विचारून आपण चार रुपये खाली आणतो आणि काम देऊन टाकतो. अँगल किती जाडीचा, चॅनल कुठे, बीम कुठे, दोन खांबांत अंतर किती, खांब जमिनीला कसा धरणार, याची चौकशी कुणी करत नाही. माझी कळकळीची विनंती आहे की हा क्रम उलटा करा. आधी सेक्शन, म्हणजे लोखंडी दांड्याचा आकार आणि माप, ठरू द्या, मग जोड ठरू द्या आणि दराची बोलणी शेवटी करा. लोखंडाची ताकद नुसत्या वजनात नसते. तेच वजन कुठल्या आकारात आणि कुठल्या बाजूनं उभं केलंय, यावर ती ठरते.

शाळेतली प्लास्टिकची पट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवून मध्ये बोट दाबलं की ती लगेच वाकते. तीच पट्टी काठावर उभी धरून दाबा, हलणार नाही. साऱ्या पोलादी सेक्शनांची करामत यात आली. तुळई वाकते तेव्हा तिची वरची कड दाबली जाते आणि खालची कड ताणली जाते, मधल्या भागाला फारसं काम नसतं. म्हणून माल वरच्या आणि खालच्या कडेला जास्त ठेवायचा आणि मध्ये दोघांना जोडणारी पातळ भिंत ठेवायची, की झाला आय-बीम, ज्याला आपण सरसकट गर्डर म्हणतो.

आकड्यांत बघा. १५० मिलिमीटर उंचीच्या बीमचं वजन मीटरला सुमारे १५ किलो असतं. ३०० मिलिमीटरचा बीम मीटरला ४५ किलोच्या आसपास भरतो. वजन तिप्पट झालं, पण वाकण्याला होणारा विरोध जवळजवळ बारा पट झाला. आता उलट बाजू. २०० चा बीम उभा न ठेवता कुशीवर पाडला, तर त्याचा ताठपणा सुमारे पंधरा पटीनं कमी होतो. माल तोच, बिल तेवढंच, आणि काम मात्र पंधराव्या हिश्शाचं. पोटमाळ्याला उंची कमी मिळते म्हणून बीम आडवे पाडून टाकलेले अनेक ठिकाणी दिसतात. पैसे वाया जातातच, शिवाय त्यावर विश्वासून माणसं चढतात.

आय-बीमची जागा मजल्याखाली आणि पोटमाळ्याखाली, म्हणजे जिथे वरून भार येतो आणि खालून आधार लांब लांब असतो तिथे. खांबासाठी तो तितका चांगला नाही, कारण एका दिशेनं तो ताठ असतो आणि दुसऱ्या दिशेनं लवचीक. खांब कुठल्याही बाजूला झुकू शकतो, म्हणून त्याला दोन्ही दिशांनी ताठ सेक्शन लागतो. रुंद पायांचा एच सेक्शन, समोरासमोर जोडून पेटी केलेले दोन चॅनल किंवा पुरेशा जाडीचा चौकोनी पाइप, यांतलं काहीतरी घ्यावं.

चॅनलचं नीट समजून घ्या, कारण घरगुती कामांत सर्वांत जास्त गफलत त्याचीच होते. त्याची एक बाजू सपाट असते म्हणून भिंतीला चिकटवायला, जिन्याच्या दोन्ही कडांना, दाराच्या चौकटीला आणि पोटमाळ्याच्या काठाला तो सोयीचा पडतो. पण तोही उभाच हवा. १५० चा चॅनल आडवा टाकला तर ताठपणा सात पटींहून अधिक घटतो. वर तोंड करून आडवा टाकलेला चॅनल तर पन्हळीसारखा पाणी साठवतो आणि आतून सडतो. त्याची दुसरी खोड म्हणजे तो पिळवटतो. आकार एका बाजूनं उघडा असल्यामुळे वरून सरळ भार दिला तरी चॅनल वाकता वाकता फिरायला बघतो. त्यामुळे लांब चॅनल एकटा सोडायचा नसतो. ठरावीक अंतरावर त्याला आडव्या तुकड्यांनी शेजाऱ्याशी बांधून टाकावं लागतं. हे तुकडे फॅब्रिकेटर खर्च वाचवायला गाळतो, आणि आपल्याला ते दिसत नाहीत म्हणून आपण विचारत नाही. विचारा.

अँगल हा गरिबाचा सेक्शन. स्वस्त, कुठेही मिळणारा, कापायला-जोडायला सोपा. ओढ आणि दाब सहन करण्यात तो चोख आहे, म्हणूनच छपराच्या कैच्या आणि वीज वाहून नेणारे उंच मनोरे अँगलचे असतात. त्या रचनांमध्ये सगळे त्रिकोण असतात आणि त्रिकोणातल्या प्रत्येक दांड्याला फक्त ओढलं किंवा ढकललं जातं, वाकवलं जात नाही. हाच अँगल दोन भिंतींवर टाकून त्यावर फळ्या ठोकल्या आणि पोती रचली, की त्याला त्याचं नसलेलं काम दिलं. तो वाकणार, आणि वाकताना फिरणार. माळ्यावर हलके डबे ठेवायला ते चालेल, धान्याची पोती ठेवायला चालणार नाही.

त्रिकोणाचा विषय निघालाच आहे तर शेडच्या एका मोठ्या उणिवेबद्दल बोलायला हवं. चार दांड्यांची चौकट कितीही जाड केली तरी बाजूनं ढकलल्यावर ती तिरकी होऊ शकते. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरका दांडा टाकला की तिचे दोन त्रिकोण होतात आणि ती हलत नाही. याला कारागीर क्रॉस म्हणतात. भिंतीच्या निदान एकेका गाळ्यात आणि छपराच्या पातळीवरही क्रॉस असायला हवेत. गाडी लावायला अडचण होते, दिसायला वाईट दिसतं म्हणून ते काढून टाकायला सांगणारे बहुतेक वेळा आपणच असतो. क्रॉस नकोच असतील, तर कोपऱ्याचे जोड फार मजबूत करावे लागतात आणि खांबही मोठे लागतात. फुकटात काही मिळत नाही.

हल्ली सगळीकडे चौकोनी पाइप आला आहे. तो दिसायला देखणा असतो, रंगवायला सोपा असतो आणि बंद आकारामुळे पिळवटत नाही. मला तो आवडतो. पण त्याची जाडी बाहेरून दिसत नाही, आणि तिथेच फसगत होते. ५० बाय ५० चा पाइप २ मिलिमीटर जाडीचा असेल तर मीटरला सुमारे तीन किलो भरतो, ३ मिलिमीटरचा असेल तर सव्वाचार. रंग दिल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. बारीक पाइपाचे उंच खांब हा आणखी एक धोका. खांब दाबानं चिरडण्याआधी मध्ये कमान होऊन दुमडतो. त्याच पाइपाची उंची दुप्पट केली की असा बारीक खांब जेमतेम चौथ्या हिश्शाचा भार पेलतो. आठ फुटांवर चाललेला पाइप सोळा फुटांवर चालेल असं समजू नका. पाइपाची उघडी तोंडं झाकण वेल्ड करून बंद करायला सांगा. उघड्या तोंडातून पाणी आत जातं आणि बाहेरचा रंग शाबूत असताना भिंत आतून खाल्ली जाते.

कारखान्यांच्या आणि मोठ्या गोदामांच्या छपरांवर सी आणि झेड आकाराच्या पातळ पर्लिन, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या, दिसतात. त्या झिंक चढवलेल्या पत्र्यापासून घडी घालून केलेल्या असतात आणि पत्रा पेलायला उत्तम असतात. त्यांना बोल्टनं जोडतात. वेल्डिंगची ठिणगी लागली की झिंक जळतं आणि गंजाला वाट मिळते. पर्लिनला पंखे, पाण्याची टाकी किंवा मालाचा कप्पी-दोर टांगू नये.

आता भाराचा हिशेब. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या खोलीची जमीन चौरस मीटरला २०० किलो धरून करतात, किरकोळ दुकानाची ४०० किलो धरून आणि गोदामाची किमान ७५० किलो धरून. दुकानदारांनी हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा. तीन मीटर बाय चार मीटरचा पोटमाळा माल साठवायला काढला, तर तो बारा चौरस मीटरचा होतो आणि त्यावर नऊ टन भार धरून चालावं लागतं. हा आकडा अवास्तव नाही. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्यांची चार थरांची थप्पी लावली तरी तेवढा भार सहज होतो. बहुतेक पोटमाळे मात्र दोन माणसं उभी राहतील एवढ्याच हिशेबानं बांधलेले असतात आणि सणाच्या तोंडावर छतापर्यंत भरले जातात. खाली गिऱ्हाईक उभं असतं. माळ्याखाली कामाला बसणाऱ्या पोराची आठवण ठेवा आणि हा हिशेब आधी करून घ्या.

शेडच्या बाबतीत आपण वजनाला घाबरतो, पण खरी भीती वाऱ्याची. मानकाच्या नकाशात मुंबई आणि नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. पुणे आणि नाशिकसाठी तो ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर आहे. ४४ मीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ११८ किलोच्या आसपास येतो. छपराच्या पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला पाच किलोच्या घरात असतं. वारा छपरावरून वाहताना त्याला वर खेचतो, उघड्या बाजूनं आत शिरला तर खालून ढकलतोही. वीस बाय तीस फुटांची गच्चीवरची शेड घ्या. ती साधारण छप्पन चौरस मीटरची होते. लोखंडासकट तिचं वजन टनभर किंवा थोडं जास्त असेल, आणि वादळात तिला वर उचलणारा जोर पाच टनांच्या आसपास जाऊ शकतो. म्हणून शेड खाली पडू नये यासाठी जेवढा विचार करतो, तेवढाच ती उडू नये यासाठी करायला हवा.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा श्रीवर्धन, मुरुडपासून दापोली, मंडणगडपर्यंत घराघरांचे पत्रे उडाले. १३ मे २०२४ च्या वळवाच्या वाऱ्यात घाटकोपरच्या छेडानगरमध्ये पेट्रोल पंपावर जाहिरातीचा फलक कोसळला आणि १७ माणसं गेली. पालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती आणि तो फलक १२० बाय १२० फुटांचा होता. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर वारा किती टनांनी रेटतो आणि तो जोर पायापर्यंत कसा पोचवायचा, हा हिशेब आधी व्हायला हवा. तो होत नाही तिथे वर लावलेलं लोखंड कितीही भारी असलं तरी उपयोग नाही.

सोलर पॅनल लावणाऱ्यांना हे मुद्दाम सांगतो. २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेमुळे घरोघरी पॅनल बसू लागले आहेत आणि खालची गच्ची वापरता यावी म्हणून त्यांची मांडणी आठ-दहा फूट उंच केली जाते. पॅनलचं वजन चौरस मीटरला दहा-बारा किलो, म्हणजे फार नाही. पण तिरका बसवलेला पॅनल वाऱ्यासमोर धरलेला मोठा फळा असतो. त्याचे खांब गच्चीच्या नुसत्या कोब्यात चार छोट्या फास्टनरनी बसवून भागत नाही. त्यांचा भार खालच्या कॉलमवर किंवा बीमवर यायला हवा, खांबाखालची बेस प्लेट जाड हवी, बोल्ट खोल हवेत. विक्रेत्याकडून वाऱ्याच्या हिशेबाचा कागद मागा. त्याच्याकडे तो नसेल, तर दुसरा विक्रेता बघा.

उत्तम सेक्शन आणून जोड कच्चा ठेवला तर सगळं व्यर्थ. वेल्डिंगमध्ये नुसता टाका मारून पुढे जाण्याची सवय फार आहे. टाका हा तुकडे जागेवर धरायला असतो, भार घ्यायला नसतो. जिथे जिथे दोन तुकडे भेटतात तिथे पूर्ण लांबीची, सलग, फुगे नसलेली शिवण हवी. वेल्डिंगच्या जागी रंग, गंज, तेल असता कामा नये आणि ओल्या रॉडनं काम होऊ देऊ नये. रंग देण्याआधी सगळे जोड उघडे असताना एकदा दिवसाउजेडी फिरून बघा. रंग दिल्यावर बघण्यासारखं काही उरत नाही.

खरेदीच्या वेळी मालावर किंवा बंडलाच्या चिठ्ठीवर आयएसआय खूण, मानकाचा क्रमांक आणि परवाना क्रमांक बघा. बांधकामाच्या साध्या पोलादासाठी आयएस २०६२ हे मानक आहे, चौकोनी पाइपांसाठी आयएस ४९२३. परवाना क्रमांक खरा आहे का, हे बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर तपासता येतं. विक्रेत्याकडून मिलचा चाचणी दाखला मागून घ्या. बिलावर नुसतं ‘लोखंड, अमुक किलो’ असं लिहून घेऊ नका. सेक्शनचं नाव, माप, जाडी, लांबी आणि वजन, सगळं लिहून घ्या. मग पडताळणी सोपी होते. ५० बाय ५० बाय ६ चा अँगल मीटरला साडेचार किलो भरतो, म्हणजे सहा मीटरच्या दहा नगांचं वजन २७० किलोच्या आसपास यायला हवं. काट्यावर २३० भरलं, तर तुम्हाला ६ च्या जागी ५ मिलिमीटर जाडीचा माल मिळाला आहे. किलोवर घेतलात म्हणून पैसे वाचले असं वाटेल, पण शेड तेवढी दुबळी झाली. आणि काम चौरस फुटाच्या दरानं दिलं असेल तर पैसेही गेले. चौरस फुटाच्या दरात माल बारीक करण्याचा मोह असतो, किलोच्या दरात नको तिथे जाड करण्याचा. दोन्हीवर इलाज एकच, मापं लिहिलेला नकाशा आधी हातात असणं.

भंगारातून आलेले जुने गर्डर वाईटच असतात असं नाही. जुन्या गिरण्यांचे काही बीम आजही ठणठणीत आहेत. पण गंजाचे खड्डे पडलेले, मध्ये भोकं पाडलेले, पीळ बसलेले किंवा आगीत सापडलेले तुकडे मुख्य आधाराला वापरू नका. लोखंड जळत नाही, हे खरं, पण साडेपाचशे अंशांच्या आसपास त्याची ताकद निम्म्यावर येते. गोदामाला आग लागली की छप्पर वितळायच्या कितीतरी आधी खाली बसतं. ज्वालाग्राही माल ठेवणाऱ्यांनी पोलादी माळ्याखालून बाहेर पडायची वाट मोकळी ठेवावी.

कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांसाठी गंज हा सगळ्यात मोठा शत्रू आहे. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांपुढे रेड ऑक्साइडचा एक हात टिकत नाही. परवडत असेल तर वितळलेल्या झिंकमध्ये बुडवून काढलेला माल घ्या. नसेल परवडत, तर गंज तारेच्या ब्रशनं पूर्ण घासून, प्रायमरचे आणि रंगाचे एकाहून अधिक हात द्या आणि दर काही वर्षांनी परत द्या. खांबाचा पाय मातीत किंवा कोब्यात गाडू नका. जमिनीपासून सहा इंच तरी वर काँक्रीटचा ओटा करून त्यावर बेस प्लेट बसवा, वर पाणी थांबणार नाही असा उतार द्या. खांब नेहमी पायाशीच सडतो, कारण पाणी, माती आणि शेणमूत तिथेच साठतं. गोठ्यांत तर हे हटकून होतं.

‘आमच्या फॅब्रिकेटरनं गावात कितीतरी शेड उभारल्यात, त्याला इंजिनिअर कशाला?’ असं लोक म्हणतात. त्याच्या हाताचं कौशल्य मी मानतो. कापणं, जुळवणं, शिवण घालणं हे त्याच्याइतकं इंजिनिअरला येणार नाही. पण बीम १५० चा की २००चा, बोल्ट चार की सहा, हे हाताच्या सवयीनं ठरत नाही, हिशेबानं ठरतं. आणि तो हिशेब नुसता मोठं करा असं सांगत नाही. बऱ्याचदा आठ ठिकाणी माल कमी करून दोन ठिकाणी वाढवायला सांगतो. छोट्या कामाचा नकाशा एका कागदावर मावतो. त्यावर प्रत्येक सेक्शनचं माप, खांबांचं अंतर, जोडाचा तपशील, बेस प्लेट आणि बोल्ट एवढं असलं पाहिजे, आणि खाली स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही. इमारतीवर नवा भार टाकणार असाल तर जुनी इमारत तो पेलेल का, हेही त्याच्याकडून लिहून घ्या. गच्चीवरच्या शेडला पालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी लागते का, ते त्याच वेळी विचारा. सोसायटीत राहत असाल तर सोसायटीची संमतीही घ्या.

ज्यांची शेड किंवा पोटमाळा आधीच उभा आहे, त्यांनी मृगाआधी, मे महिन्यातच एक सकाळ काढावी. खांबाच्या पायाशी स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा, पापुद्रा निघून टोक आत गेलं तर तो खांब बदलायला झाला. बोल्ट सैल आहेत का, पत्र्याचे हुक निसटलेत का, वेल्डिंगला तडे आहेत का, ते बघा. बीमच्या खाली दोरी ताणून धरा, मध्ये झोळ दिसला तर माळ्यावरचा माल त्याच दिवशी उतरवा आणि इंजिनिअरला बोलवा. आणि शेडचा खांब हातानं हलत असेल, तर पावसाची वाट न बघता वरचे पत्रे उतरवून ठेवा.